थंडीत गरी रिकामी का येते: बर्फावरच्या मासेमारीतून काय घ्यायचं आणि काय सोडायचं

भाऊ, तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. लाखांदुराकडच्या तुमच्या तलावात पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत गरीला, म्हणजे गळाला, चिलापी (तिलापिया) आणि कटवा भरपूर लागतात, पण डिसेंबर-जानेवारीत सकाळपासून बसूनही दोन-तीनच्या वर हाती येत नाहीत. त्यात तुमचा धाकटा भाऊ फिनलंडहून व्हिडिओ पाठवतो: गोठलेलं तळं, बर्फाला पाडलेलं बशीएवढं भोक, हातभर काठी, आणि त्यातून एकामागून एक निघणारे पर्च नावाचे वीतभर मासे. तिकडे उणे दहा अंशांत मासा लागतो आणि आपल्याकडे स्वेटर घालण्यापुरत्या थंडीत का लागत नाही, ती पद्धत इकडे चालेल का, हा तुमचा पहिला प्रश्न. भाऊ एकटाच बर्फावर जातो, त्यात धोका किती, हा दुसरा.

मी चाळीसेक वर्षं भंडारा जिल्ह्यातल्या मामा तलावांवर, म्हणजे माजी मालगुजारांच्या जुन्या तलावांवर, गरी टाकतो आहे. हे शिकलो आमच्या घरामागे राहणाऱ्या एका ढिवर (मच्छीमार समाजातल्या) आजोबांकडून. पुढे मुलगी नोकरीनिमित्त फिनलंडला तांपेरे शहरात गेली, तेव्हा दोन हिवाळे तिच्याकडे राहायचा योग आला. तिच्या शेजारचे एक म्हातारे गृहस्थ दर शनिवारी जंगलातल्या एका छोट्या तळ्यावर पर्च धरायला जात. मला मासेमारीची आवड आहे हे कळल्यावर ते मलाही सोबत घेऊन जाऊ लागले. आम्हां दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण त्याने काही अडलं नाही. त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मी स्वतः हाताळल्या आहेत.

आधी एक समजूत काढून टाका. उणे दहा अंश असते ती हवा. बर्फाखालचं पाणी शून्याच्या खाली जात नाही, आणि तळाशी तर ते 4 अंशांच्या जवळपास असतं. पाण्याचा स्वभाव असा आहे की ते थंड होत जातं तसं जड होतं, पण 4 अंशांपर्यंतच. त्याहून थंड झालं की पुन्हा हलकं होऊन वर येतं, आणि बर्फ तर त्याहूनही हलका, म्हणून तो तरंगतो. त्यामुळे गोठलेल्या तळ्यात सगळ्यांत थंड थर वर आणि त्यातल्या त्यात उबदार थर खाली, असा उलटा संसार असतो. त्या 4 अंशांच्या पाण्यात पर्च तळालगत थव्याने फिरत असतो. थंड मुलुखातला मासा आहे, इतक्या थंडीतही तो खातो. कमी खातो, हळू खातो, पण थांबत नाही.

आपल्या तलावात नेमकं याच्या विरुद्ध घडतं. आपलं पाणी 4 अंशांच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे इथे थंड पाणी म्हणजे जड पाणी, आणि ते तळाशीच जाऊन बसतं. रात्री तलावाचा वरचा थर आकाशाखाली निवतो, जड होतो, खाली उतरतो. खालचं पाणी वर येतं, तेही निवतं. मामा तलाव मुळात उथळ, त्यात वर्षानुवर्षांचा गाळ साचलेला, म्हणून पहाटेपर्यंत सगळा तलाव ढवळून सारखाच गार होतो. सूर्य वर आला की आधी काठाचं उथळ पाणी तापतं, मग मधला वरचा हातभर थर. तळाला ऊब पोचायला दुपार कलते, आणि तोवर संध्याकाळ होऊन सगळं पुन्हा उलट्या दिशेने सुरू होतं.

फिनलंडहून परतलो त्या वर्षी मी हीच चूक केली. तिकडे शिकलेलं डोक्यात ताजं होतं: मासा तळाला असतो, खोल जा. जानेवारीत सलग आठ दिवस एका ढिवराचा डोंगा घेऊन तलावाच्या मध्यावर गेलो आणि तळालगत गरी सोडून बसलो. आठ दिवसांत मिळून पाच कटवे. नवव्या दिवशी दूध तापवताना वापरतात तसला थर्मामीटर दोरीला बांधून नेला. सकाळी सात वाजता काठाला, मध्यावर, वर, खाली, सगळीकडे जवळपास सारखाच आकडा. दुपारी दोन वाजता काठाच्या गुडघाभर पाण्यात मात्र तो सकाळपेक्षा 4 अंशांनी वर गेला होता, आणि मध्यावर तळाशी जेमतेम एका अंशाने. त्याच दुपारी काठाला गरी टाकली आणि पहिल्या तासाभरात अकरा चिलापी आल्या. थव्याने तिथेच येऊन बसल्या होत्या, उन्हाला.

चिलापीचं कारण तिच्या मुळात आहे. हा मासा आफ्रिकेचा. भारतात 1952 साली आणला गेला, आणि त्याचे उपद्रव लक्षात आल्यावर 1959 मध्ये त्याच्या प्रसारावर बंदी आली, पण तोवर तो पसरला होता आणि आजही पसरतोच आहे. उष्ण मुलुखातला मासा म्हणून त्याला गारठा सोसत नाही. पाणी 20 अंशांच्या खाली गेलं की भूक मंदावते, 15-16 अंशांच्या आसपास तो खाणं जवळजवळ सोडतो, आणि 10 अंशांच्या खाली तगत नाही. आपल्या भागात डिसेंबरअखेर रात्रीचा पारा दहाच्या खाली येतो. पाणी तितकं उतरत नाही, पण सकाळी ते चिलापीच्या भुकेच्या सीमारेषेवर असतं. म्हणजे तुम्ही ज्या वेळी, सकाळी सहा-सातला, गरी टाकून बसता, त्या वेळी समोर मासा असूनही तो तोंड उघडत नाही. उन्हाळ्यात पहाट चांगली हे खरं. हिवाळ्यात तो नियम मोडीत काढा. घरचं काम आटोपा, जेवून निघा, अकरा ते साडेतीन बसा. चारनंतर झाडांच्या सावल्या पाण्यावर आल्या की गरी गुंडाळा.

दिवसही निवडावा लागतो. थंडीची लाट आली की पहिले दोन दिवस अगदी वाईट. पाणी झपाट्याने उतरतं आणि मासा दडी मारतो. मग थंडी तशीच राहिली तरी तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तो सावरतो, कारण त्याला त्रास होतो तो बदलाचा. आभाळ भरून आलं की रात्र ऊबदार जाते, आणि त्यानंतरचा उन्हाचा दिवस सोन्यासारखा. असा दिवस दिसला की मी शेतावरचं कामही दुसऱ्या दिवसावर टाकतो.

जागेचं सांगतो, कारण इथे फिनलंडकडून शिकण्यासारखी सगळ्यांत मोठी गोष्ट आहे. तिकडचे लोक एका भोकापाशी तासन्तास बसतात असं व्हिडिओत वाटतं, पण तसं नसतं. ते शेजारी काका बर्फाला छेद पाडायचं गिरमीट घेऊन काठापासून खोल पाण्याच्या दिशेने दहा-दहा पावलांवर एका ओळीत आठ-दहा भोकं पाडत. प्रत्येक भोकापाशी पाच मिनिटं. काही लागलं नाही की पुढचं. एखाद्या भोकात दोन-तीन पर्च लागोपाठ आले की खोली कळली. मग त्या खोलीच्या रेषेत आडवी भोकं. मासा त्यांच्याकडे येण्याची वाट ते बघत नाहीत, स्वतः माशाकडे जातात. आपण काय करतो? बापजाद्यांची ठरलेली जागा, आंब्याखालचा तोच दगड, दिवसभर तिथेच. पावसाळ्यात चालून जातं, कारण मासा सगळीकडे हिंडत असतो. हिवाळ्यात तो चार हात जागेत गोळा झालेला असतो, आणि ती जागा आंब्याच्या सावलीत नक्कीच नसते.

म्हणून पाळीवरून फिरा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिण काठावर झाडी असेल तर तिची सावली पाण्यावर दूरवर पडते. तो काठ सोडा. समोरचा, उत्तरेचा काठ दिवसभर ऊन खातो. तिथे देवधानाची किंवा कमळाची वाळती पानं असलेली, कमरेएवढ्या पाण्याची, काळ्या गाळाची जागा शोधा. काळा गाळ ऊन धरून ठेवतो. शिंगाड्याची वेल नुकतीच काढलेली जागा असेल तर फारच उत्तम, कारण वेलीखाली वाढलेले किडे तिथेच मोकळे पडतात आणि मासा त्यांच्या मागावर असतो. वारा सुटलेला असेल तर तो ज्या काठाकडे पाणी ढकलतो तो काठ बघा. वरचं तापलेलं पाणी तिकडेच साचतं. तुडुमाजवळ, म्हणजे जिथून शेतीला पाणी सुटतं तिथे, नहर चालू असेल तर लहान मासळी घुटमळते, पण दगडांत गरी अडकून फार तुटतात. बेशरमीच्या बेटांत चिलापी असते हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या उन्हाच्या बाजूला टाका, सावलीच्या नाही. प्रत्येक जागेला पंधरा मिनिटं द्या. पंधरा मिनिटांत तरंग, म्हणजे दोऱ्यावरचा तरंगता खुणेचा तुकडा, हललं नाही, तर उठा.

आता हत्यार. इथे फिनलंडवाले आपल्यापेक्षा फार पुढे आहेत आणि त्यांचं जसंच्या तसं उचलावं. त्यांचा दोरा मिलिमीटरच्या दहाव्या-आठव्या भागाएवढा जाड असतो, केसासारखा. गरीला जोडलेला धातूचा थेंब, त्याला ते मोर्री म्हणतात, तो ज्वारीच्या दाण्याएवढा. गरी त्याहून बारीक. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विश्वास बसला नाही. आपल्याकडे बाजारात मिळणारा जाड तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, मरळीसाठी ठीक आहे. गार, नितळ पाण्यात तो चिलापीला दिसतो, आणि दिसला नाही तरी त्याच्या ताठरपणामुळे आमिष पाण्यात नैसर्गिक वाटत नाही. पावसाळ्यात पाणी गढूळ असतं आणि मासा भुकेला, म्हणून खपून जातं. हिवाळ्यात गाळ खाली बसतो आणि दोन-तीन हात खोलवर दिसतं. तेव्हा दीड ते पावणेदोन दशांश मिलिमीटरचा, म्हणजे डबीवर 0.15 ते 0.18 लिहिलेला तंगूस घ्या. गरी 14 ते 16 नंबरची. दुकानदार म्हणेल एवढ्या लहान गरीला काय लागणार; घ्याच. वीतभर चिलापीचं तोंड लहान असतं, आणि थंडीत ती तोंड पूर्ण उघडतही नाही.

काठी आपली वेळूचीच ठेवा. हातभर काठी बर्फावर चालते, कारण मासा पायाखाली असतो. आपल्याला काठापासून लांब टाकायचं असतं. फक्त शेंडा बारीक, लवचिक असलेली निवडा. एवढ्या बारीक दोऱ्याला ताठ काठी झटक्यात तोडते.

तरंगाबद्दल सविस्तर लिहितो, कारण हिवाळ्यातले निम्मे मासे इथे निसटतात. बहुतेक जण थर्माकोलचा सुपारीएवढा गोळा लावतात. त्याला बुडवायला माशाला जोर लावावा लागतो, आणि थंडीतला मासा जोर लावत नाही. तो आमिषापाशी येतो, ओठांनी ओढतो, काही वावगं वाटलं की थुंकतो. तुम्हांला वर काहीच दिसत नाही आणि तुम्ही म्हणता मासाच नाही. ज्वारीचं धांडं घ्या, वरची साल काढा, आतला पांढरा भुसभुशीत गाभा बोटभर लांबीचा आणि पेन्सिलीपेक्षा बारीक कापा. त्यावर रंगाचा एक हात मारा, नाहीतर पाणी शोषून जड होतो. आता खरं काम: घरीच बादलीभर पाण्यात तो सोडून दोऱ्याला शिशाचे बारीक मणी एकेक करून लावत जा, जोवर पाण्याच्या वर फक्त तांदळाच्या दाण्याएवढं टोक उरतं. मण्यांपैकी शेवटचा, सगळ्यांत लहान, गरीपासून चार बोटांवर ठेवा.

असं केलं की दोन प्रकारचे इशारे दिसू लागतात. एक नेहमीचा, टोक अलगद खाली जाणं. दुसरा हिवाळ्याचा: टोक खाली न जाता वर येतं, एक-दोन बोटं उघडं पडतं, कधी कधी तरंग आडवंच होतं. मासा आमिष उचलून वर आला, त्याच्याबरोबर शेवटच्या मण्याचं वजनही उचललं गेलं, म्हणून तरंग हलकं झालं. नवखा माणूस बघतो आणि म्हणतो दोरा सैल झाला. तोच क्षण असतो. त्या वेळी मनगट चार बोटं वर उचलायचं, बस. मरळीला मारतो तसा खांद्यापासून झटका दिला तर गरी त्या मऊ ओठांतून फाडून येते. मी पहिल्या हिवाळ्यात तांपेरेच्या बर्फावर असे सात-आठ पर्च गमावले. काकांनी शेवटी माझा हात धरून दाखवलं: नाडी बघायला मनगट उचलतो तेवढंच.

आमिष हलवण्याची त्यांची तऱ्हाही उपयोगाची आहे. ते मोर्री तळाशी टेकवतात, गाळाचा इवलासा ढग उठवतात, मग वीतभर वर आणून थांबतात. पर्च डोळ्यांनी शिकार करतो; हालचालीने त्याचं लक्ष जातं, पण घास तो घेतो थांबलेल्या क्षणी. आपल्याकडे हे असं करा: आमिष पडून तरंग उभं राहिलं की मनात दहा मोजा, काठीचा शेंडा चार बोटं उचला, हळू सोडा, पुन्हा दहा मोजा. पावसाळ्यासारखं सारखं ओढू नका. गारठलेला मासा पाठलाग करत नाही.

आमिषासाठी गांडुळाचा नखाएवढा तुकडा पुरतो. थंडीत शेतातली गांडुळं खोल जातात, पण उकिरड्याच्या आतल्या उबेत लहान, लाल, वळवळणारी सापडतात, तीच हवीत. ती सबंध लावू नका, टोक कुरतडून मासा निघून जातो. याहून सरस एक गोष्ट आहे, आणि तिचा पत्ता मला तिकडे लागला. फिनलंडमध्ये छोट्या डबीत लाल अळ्या विकत मिळतात, धाग्याएवढ्या, रक्तासारख्या लाल. मी त्या हातावर घेऊन बघितल्या आणि ओळखल्या: आपल्या तलावाच्या काळ्या गाळात असतात त्यांचीच भावंडं. चावत नाही अशा एका डासासारख्या माशीच्या त्या अळ्या. गाळात हवा कमी म्हणून त्यांच्या अंगात आपल्यासारखं लाल रक्तद्रव्य असतं, ते प्राणवायू धरून ठेवतं. हिवाळ्यात आपल्या सगळ्या लहान माशांचं हे रोजचं जेवण आहे. काठाचा गाळ बारीक चाळणीत घेऊन पाण्यात हलवला की चाळणीत उरतात. दोन-तीन एकत्र, डोक्याकडून गरीत ओवायच्या. ओवायला वेळ लागतो, बोटं गारठलेली असतात, पण ज्या दिवशी कणकेच्या गोळीकडे कोणी बघत नाही त्या दिवशी याच चालतात.

कणीक वापरायचीच तर शिळ्या भातात मळा. काठाला ओढण्यासाठी धानाचा कोंडा टाकता ना, तो थंडीत एका मुठीपेक्षा जास्त नको, ओल्या मातीत कालवून. गार पाण्यात माशाचं पचन संथ असतं. पोट भरलं की मग तुमच्या गरीकडे तो कशाला येईल?

पर्च आणि चिलापी नात्याने तशी लांबची, पण दोघांची एक खोड सारखी आहे आणि ती तुमच्या कामाची. लहान तळ्यात पर्च भरमसाट वाढतो, अन्न पुरत नाही, आणि सगळेच वीतभर राहून जातात. वय वाढतं, अंग वाढत नाही. आपल्या तलावात चिलापी तेच करते. काही महिन्यांची झाली की अंडी घालते, मादी अंडी-पिल्लं तोंडात धरून सांभाळते, त्यामुळे ती वाचतात फार. मग तलाव चार बोटांच्या चिलापींनी भरून जातो आणि आपल्या मूळच्या मासळीला जागा उरत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: चिलापी कितीही लहान असो, परत सोडू नका. कटवा, डाडक, शिंगूर बोटभर आले तर मात्र सोडा. रोहू-कतल्याचं पिल्लू तर न चुकता सोडा. त्यासाठी गरीचा उलटा काटा पक्कडने दाबून ठेवा म्हणजे मासा जखम न होता सुटतो. रोहू-कतल्याचं बीज मच्छीमार संस्थेने पैसे मोजून टाकलेलं असतं.

संस्थेवरून आठवलं. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव सरकारजमा झाले; आज बहुतेकांची मासेमारी ढिवरांच्या सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. गरीवाल्याला सहसा कोणी अडवत नाही, पण विचारून बसणं हे आपलं काम आहे. मी दर हिवाळ्यात पहिल्या दिवशी अध्यक्षांच्या घरी जाऊन सांगून येतो. त्यातूनच कुठल्या कोपऱ्यात जाळ्याला काय लागलं हेही कळतं. नागझिरा-नवेगावसारख्या अभयारण्याच्या हद्दीतल्या पाण्यात मात्र गरी टाकायचीच नाही.

हाताळताना जपा. चिलापी आणि पर्च दोघांच्याही पाठीवर काट्यांचा पंखा असतो. डोक्याकडून शेपटीकडे हात सरकवत धरला की पंखा मिटतो. कटव्याचे काटे जास्त वाईट, पाठीवर एक आणि बाजूला दोन. टोचले की तास-दोन तास ठणकतं. त्याला कापडात धरूनच गरी काढा. आणि थंडीतल्या चिलापीला शेवाळाचा मातकट वास येतो, त्याची तक्रार घरात होणार. साफ करून मीठ-हळद लावून अर्धा तास ठेवा आणि रश्श्यात चिंचेचा कोळ हात सैल सोडून घाला. आंबटाने तो वास बराच मरतो.

आता तुमच्या भावाचं. तो करतो ते तिकडे लाखो लोक करतात. तिकडे तळीच 1 लाख 88 हजारांच्या आसपास आहेत, पर्च हा त्या देशाचा राष्ट्रीय मासा आहे, आणि बर्फातून साध्या गरीने मासे धरायला सर्वसाधारणपणे परवानाही लागत नाही. पण एकटा जातो हे मला आवडलेलं नाही, आणि त्याला माझ्या नावाने सांगा. हिवाळ्याच्या सुरुवातीला काळसर, पारदर्शक, घट्ट बर्फ 5 सेंटिमीटरचा असला तर चालत्या माणसाला पेलतो असं तिकडचे लोक मानतात. त्याने नवखा म्हणून 10 सेंटिमीटरचा हिशोब धरावा आणि दर काही पावलांवर ठोकून, भोक पाडून बघावं. बर्फाची जाडी तळंभर सारखी नसते. ओढा जिथे मिळतो, जिथून निघतो, दोन तळ्यांमधली अरुंद वाट, पुलाखाली, बोरूच्या बेटांभोवती तो पातळ असतो. वरून बर्फाची भुकटी साचली की ती रजईसारखी ऊब धरते आणि खालचा बर्फ हळू वाढतो. पांढऱ्याशुभ्र मैदानावर भरवसा ठेवू नये.

मार्च-एप्रिलमध्ये फसगत जास्त होते. त्या वेळी दिवस मोठे होतात, पर्च भराभर लागतो, आणि बर्फ अजून हातभर जाड दिसतो. पण उन्हाने तो आतून उभ्या सुयांसारखा सुटा झालेला असतो. सकाळी गोठून घट्ट असतो, दुपारी त्याच वाटेने परतताना पाय खाली जातो. काका त्या दिवसांत अकराच्या आत घरी असत, मासा कितीही लागत असला तरी. बर्फ मध्येच तोफेसारखा गरजतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. तापमान बदललं की बर्फ ताणतो, त्याचा तो आवाज, आणि घट्ट बर्फही तसा गरजतो. घाबरायचं ते पायाखाली पाणी वर येऊ लागलं तर.

त्याच्या गळ्यात दोन लाकडी मुठींचे टोकदार खिळे दोरीने अडकवलेले असतात का, ते आजच फोन करून विचारा. तिकडे कुठल्याही मासेमारीच्या दुकानात मिळतात. पाण्यात पडलाच तर पहिल्या मिनिटात श्वास अडकतो, हातपाय झाडावेसे वाटतात; आधी श्वास सावरायचा. मग ज्या बाजूने चालत आला त्याच बाजूला वळायचं, कारण तिथल्या बर्फाने त्याला आत्ताच पेललं होतं. खिळे बर्फात रोवून, पाय पोहल्यासारखे मारत छातीवर बाहेर सरकायचं आणि उभं न राहता लोळत काठाकडे यायचं. नुसत्या ओल्या हातांनी त्या गुळगुळीत कडेला धरता येत नाही. खिळे पिशवीत ठेवून उपयोग नाही, ते जॅकेटच्या वरच पाहिजेत. फोन प्लास्टिकच्या पिशवीत, एक जोडी कोरडे कपडे, आणि कुठल्या तळ्यावर चाललो, किती वाजता परतणार हे कुणालातरी सांगून निघणं. कुणी सोबतीला नसेल तर शनिवारी तळ्यावर आधीच बसलेल्या लोकांपासून पन्नास पावलांवर भोक पाडावं. तिकडची माणसं कमी बोलतात, पण शेजारी बसलेल्यावर त्यांचं लक्ष असतं.